पाच टक्क्यांतला रिझ्क

हाज शलबींच्या फर्निचरच्या कारखान्यात मी बदीआला घेऊन गेले, तेव्हा त्यांनी आधी आम्हाला चहा पाजला आणि मग घरी बसायला सांगितलं. म्हणजे मला नव्हे, तिला.

"पोरीचं नाव लावतो, विमा भरतो, पगार दर महिन्याला घरपोच," ते म्हणाले. "रोज यायची दगदग कशाला? आईला घरात मदत कर म्हणावं."

बदीआ जन्मापासून बहिरी आहे, पण ओठ हलताना तिला बरंच कळतं. तिने पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. असं तिला याआधीही ऐकवलं गेलं होतं.

आमच्या दुमियात शहरात हा प्रकार जुना आहे. शंभर कामगारांमागे पाच अपंग ठेवा असा कायदा, म्हणून अशा कामगारांना सगळे 'पाच टक्के' म्हणतात. अशांना काम मिळवून देणारं आमचं ऑफिस मालकांना फुकटात बरंच काही देतं. भोंग्याबरोबर पेटणारा दिवा बसवून देतं, कामाची जागा सोयीची करून देतं, आणि पहिले काही महिने माझ्यासारखी एक बाई सोबत पाठवतं, जी कामगारांना हातांची भाषा शिकवते आणि मालकाचं डोकं खाते. मालकांना यातलं काहीच नको असतं. त्यांना नाव हवं असतं, माणूस नको.

"हाज, महिनाभर काम करू द्या," मी म्हटलं. "नाही जमलं तर मीच तिला घेऊन जाईन."

"अब्ला इनायात, तुम्ही भांडायचा पगार घेता का?" अब्ला म्हणजे ताई, सगळे मला तसंच म्हणतात.

"हो, आणि तो मला ऑफिसात जाऊन मिळवावा लागतो. घरपोच येत नाही."

हाज हसले आणि एक महिना मिळाला.

सोफ्याच्या गाद्या भरायची खोली वरच्या मजल्यावर होती. तिथला मुख्य कारागीर उस्ता फिक्री. त्याच्या तोंडात कायम बारीक खिळे भरलेले, एकेक जिभेने ओठांवर आणायचा आणि हातोडीने ठोकायचा. त्यामुळे तो बोलायचा कमी, आणि बदीआचं त्याच्याशी लगेच जमलं. गादीखालचे पट्टे ताणायला ती दोन दिवसांत शिकली.

दुपारी उकडलेल्या घेवड्याचे सँडविच खाऊन सगळे पुन्हा कामाला लागले होते, तेव्हा खोलीतला दिवा दोनदा विझला आणि पेटला. कुणी मानही वर केली नाही. फक्त मी आणि बदीआ, आम्ही दोघी एकदम दाराकडे वळलो.

दारात कुणी नव्हतं.

"कुणी हाक मारली?" बदीआने हातांनी विचारलं.

माझे आईबाप दोघंही बहिरे होते. आमच्या घरात हाक म्हणजे दिव्याचं बटण. दोनदा झटकन खालीवर, म्हणजे इकडे बघ. बिघडलेली वीज कशी लुकलुकते तेही मला माहीत आहे, आणि हे तसं नव्हतं.

"वायरिंग आहे, अब्ला," फिक्री खिळ्यांमधून पुटपुटला. "दोनदा बदलली. पोरं म्हणतात जिन आहे. असेना का. पगार तर मागत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा तेच. त्यानंतर रोज. बदीआ वळायची, रिकाम्या दाराकडे हात उंचावून 'थांब, कामात आहे' अशी खूण करायची आणि पुन्हा पट्टा ओढायची. बहिऱ्या माणसाला बोलावलं आणि त्याने बघितलंही नाही, हा आमच्यात मोठा उद्धटपणा. ती आपली रीत पाळत होती. पण बाकीच्या कामगारांची पाचावर धारण बसली. एकाने रेडिओवर कुराणपठण लावून ठेवलं, दुसरा आपलं काम उचलून खाली गेला. बातमी हाजपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार?

"पोरीचं डोकं फिरलंय," त्यांनी मला बोलावून सांगितलं. "नबीची शपथ, नाव काढणार नाही, पगारही थांबणार नाही. पण उद्यापासून घरी."

मी तणतणत वर गेले आणि फिक्रीसमोर उभी राहिले. "या दारातून दिव्याने हाका मारणारं आधी कोण होतं?"

त्याने तोंडातले सगळे खिळे तळहातावर काढले. तसं करताना मी त्याला प्रथमच पाहत होते.

"रिझ्क," तो म्हणाला. "पाच टक्क्यांतला, बहिरा. हाजनी त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवला होता. तरी रोज यायचा, दारात उभा राहून बटण दाबायचा. काम द्या म्हणून. मी हात हलवून त्याला परत पाठवायचो. मालकाचा हुकूम, मी काय करणार? मग एका हिवाळ्यात यायचा बंद झाला. घरातच वारला म्हणे."

मी हे बदीआला सांगितलं. तिने भुवईवरून बोट ओढलं. शहरातले सगळे बहिरे रिझ्कला त्या खुणेने ओळखायचे, तिथे त्याला जुना व्रण होता.

दुसऱ्या दिवशी बदीआ मुद्दाम आली. तिला स्वतः समजवायला म्हणून हाज वर आले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत दिवा दोनदा विझला, पेटला.

बदीआ उठली. दाराकडे बराच वेळ बघत राहिली, मग हाजकडे वळून तिने भुवईवरून बोट ओढलं.

हाजचा चेहरा पांढरा पडला. हातांची भाषा त्यांना येत नव्हती, पण ही एक खूण त्यांनी पाहिलेली असणार. तो माणूस आपलं नाव सांगायला दुसरं काय करणार होता?

"काय हवंय त्याला?" त्यांनी मला विचारलं.

बदीआचे हात हलले. मी बोलत गेले. "तो विचारतोय, माझं काम कुठे बिघडलं?"

"त्याचं काही बिघडलं नव्हतं. सांगा त्याला. मी त्याचा पगार कधी अडवला नाही."

आणि मी, धडधाकट डोक्याची बाई, रिकाम्या दाराकडे तोंड करून हातांनी हे सगळं सांगितलं.

"तो म्हणतो, मग माझं काम न बघताच मला घरी का बसवलं?"

हाज अर्धवट भरलेल्या सोफ्यावर बसले. स्प्रिंगा करकरल्या. "मला वाटलं, मी उपकार करतोय," ते हळूच म्हणाले. ते कुणाला म्हणाले ते मला कळलं नाही. मग उठले आणि बदीआला काही न सांगता खाली गेले.

परतीच्या मायक्रोबसमध्ये मी तिला विचारलं, "खरंच दिसला तुला?"

"नाही," ती म्हणाली. "मलाही न बघताच घरी बसवलं होतं, दोन ठिकाणी. प्रश्न माझेच होते. रिझ्कने हरकत घेतली नसती."

"आणि दिवा?"

"दिव्याचं मला काय माहीत?"

मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं. इतकी चलाख पोर आमच्या ऑफिसला क्वचित मिळते.

सकाळी हाज आमच्याआधी वर येऊन उभे होते. त्यांनी बदीआला सलाम केला आणि तिच्या जागेकडे बोट दाखवलं. ती बसली, पट्टे हातात घेतले. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

नेहमीच्या वेळी दिवा दोनदा विझला आणि पेटला.

हाज दाराकडे गेले. मी कामगारांना शिकवलेली 'ये' ही खूण त्यांनी केली, तीही चुकीच्या हाताने, आणि भिंतीला पाठ लावून कुणाला तरी वाट दिली. फिक्रीने शेजारचं रिकामं स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि आपली जुनी हातोडी त्यावर ठेवली. मला भीती वाटली, आणि इतका वेळ हाजना मनातल्या मनात हसत होते त्याची लाजही वाटली.

दिवा पुन्हा हलला नाही. हाज खाली गेले, रेडिओ बंद झाला, कामगार आपापल्या कामाला लागले. बदीआकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नाही, असं तिला वाटत होतं. तिने हातातला पट्टा बाजूला ठेवला, त्या स्टुलाकडे जरा वाकली, आणि खिळ्यांचा डबा कुठे असतो ते हातांनी सावकाश समजावून सांगू लागली.