ओट्याची डावी बाजू

शेवंतीने कोयता उचलला आणि सुरमईचं डोकं एका घावात वेगळं केलं. एक थेंब उडून संघमित्राच्या वहीवर पडला. त्या पोरीने वही मागे ओढली नाही, ओढणीच्या टोकाने थेंब पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला. हे शेवंतीला आवडलं. तीन आठवड्यांपूर्वी ही पहिल्यांदा मासळीबाजारात आली, तेव्हा सगळ्यांना ती पालिकेची वाटली होती आणि वाटेत मांडलेल्या जादा पेट्या पटापट ओट्यांखाली गेल्या होत्या. मग कळलं, की ही शिकणारी आहे. बायकांच्या कामाच्या जागा कुणाकडून कुणाकडे जातात यावर तिचा अभ्यास चाललाय. त्यासाठी ती मानखुर्दहून दोन बस बदलून अंधेरीला यायची आणि थर्मोकोलच्या उलट्या पेटीवर बसून माणसाच्या सात पिढ्यांची चौकशी करायची.

"मावशी, तुमच्या आधी या ओट्यावर कोण बसायचं?"

"माझी सासू. कमळ."

"आणि त्यांच्या आधी?"

"तिची सासू. रतन. तिच्याआधी ओटाच नव्हता. जमिनीवर पाट्या मांडून बसायच्या."

संघमित्राने वहीत गोल काढले. शेवंतीचं अर्धं लक्ष मात्र ओट्याच्या डाव्या बाजूला होतं. तिथे कल्पिता कोलंबी सोलत होती.

"काळा धागा राहिला बघ. कचकच लागते तोंडात."

कल्पिताने ती कोलंबी परत उचलली. पाठीतला धागा ओढून काढला.

या बाजारात ओटा सासूकडून सुनेकडे जातो. लेकीला मिळत नाही, कारण लेक तिच्या सासूच्या ओट्यावर जाऊन बसते. उजवी बाजू मालकिणीची. कोयता, काटा आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस तिच्याकडे. डावी बाजू सुनेची. सोलायचं, साफ करायचं, बर्फ आणायचा आणि बोलणी खायची. शेवंतीने डाव्या बाजूला सतरा वर्षं काढली होती. मग एके दिवशी ती पहाटे आली, तर कमळ आधीच येऊन डावीकडे बसली होती आणि कोलंबी सोलत होती. ना हार, ना नारळ. शेवंती उजवीकडे बसली आणि ओटा तिचा झाला.

आता कल्पिताची गोष्ट. ती शेवंतीच्या एकुलत्या एक मुलाची, सर्वेशची बायको होती. आठ महिन्यांपूर्वी बांद्र्याच्या कोर्टात दोघांनी राजीखुशीने घटस्फोट घेतला. मारझोड नव्हती, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. नऊ वर्षांत दोघांचं जमलं नाही, एवढंच. दोष द्यायला कुणी सापडेना, त्यामुळे बाजारातल्या बायकांची मोठीच पंचाईत झाली. कोर्टाच्या तारखेला ओटा बंद असायचा. कल्पिता तिच्या बापाबरोबर एका बाकावर आणि शेवंती मुलाबरोबर समोरच्या बाकावर बसायची. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी पुन्हा याच ओट्यावर. शेवटच्या कागदात दागिने होते, भांडी होती, लोखंडी कपाटही होतं. ओट्याचं नाव कुणी काढलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी कल्पिता नेहमीसारखी सहाला आली आणि डावीकडे बसली. शेवंतीने कोलंबीची पाटी तिच्यापुढे सरकवली. त्यावर आजतागायत बोलणं झालेलं नव्हतं. एक गोष्ट मात्र बदलली. पूर्वी कल्पिता तिला 'आये' म्हणायची, आता काहीच म्हणत नव्हती. "बर्फ संपला," "मांदेली घेऊ का थोडी," अशी वाक्यं ती हवेत सोडायची आणि शेवंती ती झेलायची.

जाणार कुठे बिचारी? तिच्या आईचाही ओटा होता, मढच्या बाजारात. तो तिच्या भावजयीकडे गेला. नियम तोच, फक्त हिला तो दोन्हीकडून लागला.

"आणि मावशी, तुमच्यानंतर?" संघमित्राने विचारलं.

शेवंतीने कोयत्याची धार अंगठ्याने चाचपली.

"थांब, गिऱ्हाईक आलं."

गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. दुपारचा एक वाजत आला होता आणि समोरच्या ओट्यावर मांजर झोपलं होतं.

प्रश्न त्या पोरीने विचारला म्हणून टोचला असं नव्हे. तो आठवडाभर टोचतच होता. शेवंतीचे गुडघे गेले होते. येत्या रविवारी बाजारातल्या बायकांच्या मंडळाच्या वहीत ओट्यावर पुढचं नाव लिहायचं होतं. कालच चहा पिताना सर्वेश म्हणाला होता, "आये, निधीचं नाव लिव. मी तिच्या घरी शब्द दिलाय." निधीशी त्याचं ठरलं होतं, लग्न वैशाखात. पोर चांगली होती. तिच्या आईला ओटा नव्हता, ती आजही नाक्यावर पाटी घेऊन उभी राहायची. शेवंती "बरं" म्हणाली होती. घर सर्वेशचं, ताटातलं त्याचं, आणि मुलगा एकच. "बरं" नाहीतर काय म्हणणार?

"बघू तुझं चित्र," ती म्हणाली.

संघमित्राने वही फिरवून समोर धरली. "हे गोल म्हणजे बायका. त्रिकोण म्हणजे पुरुष. मधली जोडरेघ म्हणजे लग्न. या रतन, या कमळ, या तुम्ही, हे तुमचे मिस्टर अनंता. हा सर्वेश."

सर्वेशच्या पुढे कल्पिताचा गोल होता आणि दोघांमधल्या रेघेवर दोन तिरके फटकारे.

"हे काय? खोडलंस?"

"नाही मावशी. लग्न मोडलं की रेघेवर छेद देतात. रेघ पुसत नाहीत. मोडलं तरी झालेलं असतंच ना."

कल्पिताचे हात थांबले. मग तिने बादली उचलली आणि बर्फ आणायला निघून गेली. बर्फ पेटीभर होता.

शेवंतीने ओला हात पदराला पुसला आणि बोट वहीवर ठेवलं.

"मी हितं. ती हितं. आमच्या मधली रेघ कुठंय?"

"तशी रेघ नसते. तुम्ही सर्वेशमधून जोडलेल्या आहात."

"आणि मी न् कमळ?"

"तुमच्या मिस्टरांमधून."

शेवंती त्या त्रिकोणाकडे बघत राहिली. अनंता भला माणूस होता. संसार अकरा वर्षांचा, त्यातलं निम्मं आयुष्य त्याचं होडीवर गेलं, आणि मग तो काविळीने गेला. या ओट्याला त्याने कधी पाय लावला नाही. कमळबरोबर मात्र ती सतरा वर्षं या दगडावर मांडीला मांडी लावून बसली होती. अनंता गेल्यावर तेरा दिवसांनी ती बाजारात आली, तेव्हा कमळने तिच्यापुढे कोलंबी सरकवली होती. स्वतःचा मुलगा गेलेली ती बाई, एवढंच म्हणाली होती, "सोल." त्या दिवशी सासू तिला माहेरी पाठवू शकली असती. ते आजवर शेवंतीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुझ्या चित्रात काहीतरी चुकलंय बाय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"मना काय ठाऊक? शिकलेली तू."

संघमित्राने शेवंतीच्या पुढे एक रिकामा गोल काढला, त्यात प्रश्नचिन्ह टाकलं आणि वही मिटली.

रविवारी दुपारी बाजार धुऊन झाल्यावर मागच्या शेडमध्ये सतरंज्या पडल्या. मंडळाची वही चंपाकडे असते. चंपा शेवंतीच्याच वयाची, अक्षर सुंदर आणि जीभ कोयत्यासारखी. कल्पिता आली नव्हती, ओट्याच्या मालकिणींखेरीज कुणाला यायचा अधिकार नव्हता. सर्वेश मात्र फाटकाशी मोटरसायकलवर बसून होता. आईला घरी न्यायला आलो, असं तो म्हणत होता.

"शेवंती, सुनेचं नाव सांग."

शेवंती घाबरली होती, आणि घाबरल्यावर तिचा आवाज नेहमी चढायचा.

"कल्पिता."

चंपाचं पेन वहीवर तसंच राहिलं. "अगो, ती आता तुझी सून कुठंय? कोर्टाचा कागद झाला ना?"

"झाला. तू बघितलास तो कागद?"

"मी कशाला बघू?"

"मी बघितलाय. सर्वेशची सही हाय. तिची हाय. वकिलांच्या हायत, वर साहेबाची हाय. माझी सही कुठंच नाय."

मागे कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"त्याने तिला सोडली, तिने त्याला सोडला. त्यांचं ते बघतील," शेवंती म्हणाली. "मना कुणी इचारलं? मी नाय सोडली."

"आणि नवी येईल तिला काय सांगशील?"

"तिच्यापुढे हात जोडंन. ओटा एकच हाय गो."

चंपाने इकडेतिकडे पाहिलं. कितीतरी बायका आपल्या नखांकडे बघत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या ओट्याला एक डावी बाजू होती, आणि त्यातल्या दोघी-तिघींच्या घरात सध्या धुसफूस चालू होती. कुणी हरकत घेतली नाही. चंपाने नाव लिहिलं, नेहमीपेक्षा जरा सावकाश लिहिलं.

फाटकाशी मोटरसायकल सुरू झाली आणि निघून गेली. शेवंती दुखऱ्या गुडघ्यांनी चालत घरी गेली. सर्वेशने ताट स्वतः वाढून घेतलं, टीव्हीसमोर बसून जेवला आणि तिच्याशी एक शब्द बोलला नाही. निधीच्या आईचा रोज येणारा फोन त्या संध्याकाळी आला नाही. आपण केलं ते बरोबर केलं, असं शेवंतीला वाटत होतं. तरी घास उतरत नव्हता.

सोमवारी ती अर्धा तास आधी बाजारात पोचली. कोयता धुतला, काटा पुसला, दोन्ही उजवीकडे ठेवलं. मग ओट्याला वळसा घालून डावीकडे गेली, गुडघा हाताने धरून कशीबशी बसली आणि कोलंबीची पाटी पुढे ओढली.

कल्पिता सहाला आली. बातमी तिला कळलेली असणारच, कोळीवाड्यात बातमी म्हावऱ्याच्या आधी पोचते. ती डाव्या बाजूशी येऊन थांबली. शेवंतीने मान वर केली नाही. कल्पिता तशीच बराच वेळ उभी होती. पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग ओट्याला वळसा घालून ती पलीकडे गेली.

पहिल्या गिऱ्हाइकाला हलवा मासा हवा होता. कल्पिताच्या पहिल्या दोन घावांना तुकडे जाड पडले, तिसऱ्याला बरे पडले. दुसरं गिऱ्हाईक भाव करून निघून गेलं आणि फिरून परत आलं. तासभर गिऱ्हाइकं येत राहिली. कोलंबीचा ढीग हळूहळू वाढत होता. कल्पिताने वाटा लावायला त्यातली मूठभर उचलली, उजेडात धरली आणि एक कोलंबी शेवंतीपुढे टाकली.

"आये, काळा धागा राहिला बघ."

शेवंतीने ती कोलंबी परत उचलली. पाठीतला धागा ओढून काढला.