टकळीचा आवाज

मुलीचं खरं नाव फक्त शाळेत चाले. घरात तिला सगळे टकळी म्हणत. बोलायला लागली तेव्हापासून तिचं तोंड म्हणून मिटलं नव्हतं. जेवताना बोले, दात घासताना फेसातून बोले, झोपेतसुद्धा कुणाशी तरी हुज्जत घाले. तिचा बाप म्हणायचा, "हिला झोपवायचं म्हणजे रेडिओची पिन उपसावी लागते."

मग बाप गेला. कामावर असताना कोसळला, तो उठलाच नाही. त्यानंतरच्या आठवड्यात टकळीच्या तोंडाला जे कुलूप लागलं, ते दीड वर्ष उलटलं तरी उघडलं नव्हतं. मान हलवी, खुणा करी, अगदीच अडलं तर पाटीवर लिही. घशात काही दोष नव्हता. डॉक्टरीणबाईंनी शेवटी एवढंच सांगितलं, "जिथे बोलावंच लागत नाही अशा ठिकाणी मुलांमध्ये सोडा तिला."

म्हणून आईने तिला वाद्यांच्या गटात घातलं. गावाच्या टोकाला बंद पडलेला पोहण्याचा तलाव होता. त्या कोरड्या, फरश्या बसवलेल्या तलावात उतरून दर शनिवारी वीस-पंचवीस पोरं वाजवायला जमत. पाहिजे त्याने यावं, हाताला येईल ते वाजवावं. प्लास्टिकच्या बादल्या, कापलेले पाइप, दोन गिटार, एक जुना कीबोर्ड. गाणीही त्यांची त्यांनीच रचायची. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी, आणि शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. तेव्हा टकळीला न्यायचं-आणायचं काम मामाकडे, म्हणजे आईच्या धाकट्या भावाकडे होतं.

त्या शनिवारी दुपारी दुकानातली वीज गेली. मशीन बंद पडलं, मालकाने सगळ्यांना घरी सोडलं. आईच्या मनात आलं, आज आपणच जाऊ, पोरीला बरं वाटेल.

तलावाच्या मागच्या दाराने ती आत शिरली. कपडे बदलायच्या खोल्यांमधून येणारा ओला वास अजून तिथे होता. पुढून बादल्यांचा दणदणाट येत होता. तो मध्येच थांबला, आणि एक आवाज आला. घोगरा, जरा खरखरीत, शब्दाच्या शेवटाला हेल देणारा.

"राजा, तुझ्या हाताला कसली घाई लागलीय? गाडी चुकतेय का तुझी?"

आईचे पाय जागच्या जागी खिळले. असं एकच माणूस बोलायचं, आणि ते माणूस या जगात नव्हतं. राजा म्हणायची लकब त्याची, गाडी चुकण्याची थट्टा त्याची, घसाही त्याचाच. तिने भिंतीला हात टेकला. आपल्याला भास होतोय, उन्हातून आल्यामुळे होत असेल, असं तिने स्वतःला बजावलं आणि पुढे होऊन वाकून पाहिलं.

खाली, तलावाच्या उतारावर टकळी उभी होती. हातात लाकडी टिपरू, केस विस्कटलेले. समोर बादल्यावाली पोरं ओळीने बसलेली.

"पुन्हा सुरुवातीपासून," टकळी म्हणाली. "आणि पाइपवाले, तुम्ही आमच्या आधी उठायचं नाही. आम्ही हाक मारू तेव्हाच."

आनंद व्हायला हवा होता, हे आईला कळत होतं. पण आनंद कुठेच नव्हता. कुणीतरी कानफटात मारावी तसं झालं होतं. दीड वर्ष ती या पोरीच्या तोंडाकडे टक लावून बसली होती. आणि पोरगी इथे वीस जणांना दटावत होती.

तेवढ्यात टकळीची नजर वर गेली. आईला पाहताच तिचा चेहरा पांढरा पडला, आणि तोंड मिटलं. डोळ्यांदेखत कुलूप लागलं.

गट चालवणारा माणूस कडेला गिटारच्या तारा लावत बसला होता. पोरं त्याला मास्तर म्हणत. तो हसत शिडी चढून वर आला. "टकळीची आई ना तुम्ही? या की. तुमची पोरगी आमचं डोकं खाते, पण तिच्याशिवाय पान हलत नाही इथलं."

"ती बोलते?" आईने विचारलं.

"म्हणजे काय? बोलायची थांबते कधी ते विचारा."

"घरी बोलत नाही ती. शाळेतही नाही. दीड वर्ष झालं."

मास्तरला आधी थट्टाच वाटली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू विरलं. "मला कुणी सांगितलं नाही हो," तो हळू म्हणाला. "पहिले काही दिवस गप्पच होती, मला वाटलं बुजरी असेल. मग एकदा बादल्या फारच चुकल्या, तेव्हा जी ओरडली ती तेव्हापासून... पण तिच्या मामांना माहीत आहे. ते दर शनिवारी इथेच बसून ऐकतात."

हा दुसरा तडाखा. मामा तेवढ्यात मागच्या दाराने आलाच. बहिणीला पाहून तो दारातच थबकला.

"तुला माहीत होतं?"

"ताई, तिने शपथ घातली होती. म्हणाली, आईला सांगितलंस तर इथेही बोलणार नाही. मी काय करणार होतो?"

"साऱ्या जगाला ऐकू येतं, आणि मी तेवढी बहिरी."

आई त्याला ओलांडून शिडीने खाली उतरली. पोरं आपसूक बाजूला सरकली. कोरड्या फरश्यांवर तिच्या चपलांचा आवाज घुमत होता. टकळीसमोर ती उभी राहिली, पण ओरडावं की पोरीला पोटाशी धरावं, तिला सुचेना.

"का गं?" एवढंच ती म्हणाली.

टकळीने पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून, टिपरू दोन्ही हातांनी आवळून ती उभी राहिली. मास्तरने पोरांना खूण केली, तशी ती एकेक करून वर निघून गेली. मग भिंतीकडून आवाज आला.

"सगळे म्हणत होते, हिचा आवाज अगदी बापाचा. भेटायला आलेले सगळे. मग मी तुझ्याकडे पाणी मागितलं, तर तू केवढी रडलीस. जमिनीवर बसलीस. उठेचनास."

आईला ती दुपार आठवत नव्हती. म्हणजे रडणं आठवत होतं, पाणी आठवत नव्हतं. कुणी काही मागितलं होतं, हेच तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"मला वाटलं, मी बोलले की तू पुन्हा तशी होशील," टकळी म्हणाली. "मग एकदा गप्प बसल्यावर बोलताच येईना. तू सारखी माझ्या तोंडाकडे बघायचीस. घसाच आवळायचा. इथे कुणी बघत नव्हतं."

आईने खालचा ओठ दातांत धरला. रडायचं नाही, काय वाट्टेल ते झालं तरी आत्ता रडायचं नाही. पण बोलणारा घसा त्याचा होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि उभं राहवेना म्हणून ती तिथेच फरशीवर बसली. अगदी त्या दिवशीसारखी.

टकळीने वळून पाहिलं. तिची हनुवटी थरथरली. आता ही पुन्हा मिटणार, या भीतीने वर कठड्याशी मामाने श्वास रोखून धरला.

"बोल," आई हुंदक्यांतून म्हणाली. "मी रडो नाहीतर काही होवो, तू बोल. मी काही मरत नाही रडून."

"काय बोलू?"

"काहीही. मघाशी त्या पोराला झापत होतीस, ते बोल."

टकळी तिच्याशेजारी उकिडवी बसली. आधी अडखळत, मग जरा सुटत तिने सांगायला घेतलं. त्या पोराची बादली फुटकी आहे, पण तो दुसरी घेत नाही. पाइपवाल्या दोघी बोलत नाहीत एकमेकींशी, आणि त्या वाजवतात मात्र बरोबर. गाण्याचं दुसरं कडवं मास्तरला आवडतं, पण ते वाईट आहे, आणि हे त्याला तोंडावर कसं सांगायचं ते कळत नाही.

आई ऐकत होती. निम्मं तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. रडू थांबत नव्हतं. टकळी मध्येच थांबून तिच्याकडे पाही, आणि पुन्हा बोलायला लागे.