पीळ

"ही कडी माझ्या घरातली हाय, मालक. पोराच्या पाळण्याची. मी घिऊन चालले," तानाबाई म्हणाली आणि धुलाईखोलीच्या भिंतीतली कडी पान्यानं फिरवायला लागली.

विजयसिंह शाल हातात धरून तसेच उभे राहिले. देवळाजवळच्या त्यांच्या यात्री निवासात आज तानाबाईचा सत्कार होता. 'काम सोपं, कर्मचारी खूश' योजनेतला पहिलाच. नारळ होता, फोटोवाला होता, भिंतीवर लावायला 'तानाबाई कडी' असा फलकही रंगवून आणला होता. आणि उत्सवमूर्तीच बिथरली होती.

निवासातल्या जाड चादरी मशीनला झेपत नसत. त्या हातानं धुवायच्या आणि दोघींनी पिळायच्या. एका टोकाला तानाबाई, दुसऱ्या टोकाला झुंबरबाई. समोरासमोर उभं राहून दोघींनी आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. एकीचा हात डावीकडे गेला की चादर नुसती गरगर फिरते, पाणी काही निघत नाही. झुंबरबाई पहिल्या दिवशी तेच करून बसली होती. तेव्हापासून तानाबाई दर चादरीला "उजवी गं!" म्हणून ओरडायची आणि पलीकडून "व्हय गं बाई, उजवी!" असं उत्तर यायचं. झुंबरबाई पिळण्यात तरबेज झाली, तरी ओरडणं काही सुटलं नाही.

यंदा झुंबरबाईचा खांदा धरला. हात वर होईना. तेव्हा तानाबाईनं घरच्या माळ्यावर पडलेली पाळण्याची कडी आणून भिंतीत बसवली. चादर कडीतून ओवायची, दोन्ही टोकं एकत्र धरायची आणि एकटीनं पिळायचं. "तू नुसती वाळत घाल. खांदा बरा झाला की बघू," ती झुंबरबाईला म्हणाली.

विजयसिंहांनी ते पाहिलं आणि भलतेच खूश झाले. "काय डोकं हाय वो बाई तुमचं! एकटीचंच काम झालं की!" त्यातल्या 'एकटी'वर तानाबाईचं लक्षच गेलं नाही. आठवडाभरात झुंबरबाईला, उद्यापासनं येऊ नका, असं सांगितलं गेलं.

तानाबाई तिच्या घरी गेली, तर झुंबरबाई खांदा शेकत बसलेली. "माझ्यापायीच केलंस की गं तानाक्का. रडतीस कशाला?" असं म्हणून ती उलट चहा टाकायला उठली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तानाबाई चहा तसाच ठेवून उठली. तिथून निघाली ती डोक्यात आग घेऊनच.

म्हणून आज शाल अंगावर पडायच्या आत तिनं पाना काढला होता.

"अवो, तुमचंच काम सोपं झालंय न्हवं?" विजयसिंह गोडीनं म्हणाले.

"माझं सोपं करा म्हणून कोण रडत हुतं? मी तिचं सोपं केलं, आणि तुमी तिलाच काढलासा! खांदा दुखतोय म्हणून ह्यो इलाज केला, तर माणूसच घालवलासा!"

"आता दोघींना काम कुठलं देऊ बाई?"

"झुंबरला बोलवा, मग पांघरते तुमची शाल. तवर न्हाय."

विजयसिंहांनी शालीची घडी घातली आणि फोटोवाल्याला वाटेला लावलं. तानाबाईनं कडी पिशवीत टाकली आणि ताडताड निघून गेली. मागं भिंतीत नुसतं भोक राहिलं. तिला खात्री होती. कडी नाही म्हटल्यावर दुसरं टोक धरायला माणूस लागणारच. झक मारत बोलावतील झुंबरला.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर आली. भोकाच्या जागी स्टीलची नवी कोरी कडी बसली होती, जुनीपेक्षा जाड. वर तिच्या नावाचा फलक. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूच्या जिवावर आपण माणूस परत आणायला निघालो होतो, हे तिला तेव्हा कळलं. स्वतःचा असा संताप तिला जन्मात आला नव्हता.

टबात चादरी भिजत पडल्या होत्या. काम सोडून घरी बसण्याची तिची ऐपत नव्हती. तिनं पहिली चादर उचलली, आपल्या नावाच्या कडीतून ओवली आणि दोन्ही टोकं मुठीत आवळली.

"उजवी गं!" ती ओरडली, वर मालकाच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशी. क्षणभर थांबली. मग एकटीच पिळायला लागली.