मुबश्शिर हरला त्या दिवशी

मुबश्शिर चार वर्षांचा असताना त्याची आई अफीफा नर्सच्या नोकरीवर आयर्लंडला गेली, आणि तो तिकडचाच झाला. शाळेतली सगळी पोरं हर्लिंग खेळायची, म्हणून तोही खेळला. रुंद पात्याची लाकडी काठी, चामड्याचा लहानसा कडक चेंडू. चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर तीन. मुबश्शिर त्या जाळीपुढे उभा राहायचा. एकोणिसाव्या वर्षी तो गावच्या मोठ्या संघात आला आणि पुढची बारा वर्षं गोलकीपर तोच होता. एकदा अंगठा मोडला, दोनदा बरगडी. या खेळात पगार नसतो. दिवसा तो वायरिंगची कामं करायचा आणि संध्याकाळी सराव.

त्यातल्या बाराव्या वर्षी गाव पहिल्यांदाच फायनलला पोचलं. शेवटच्या मिनिटाला ते दोन गुणांनी पुढे होते. एक साधा, उंच चेंडू आला. मुबश्शिरने हात वर केला. चेंडू तळहाताला लागून मागे जाळीत पडला. एका गुणाने गेली मॅच. तो तिथेच पालथा पडला, तो किती तरी वेळ उठलाच नाही.

नंतर तो मैदानाकडे फिरकला नाही. गावात कोणी त्याला एका शब्दाने बोललं नाही, तेच त्याला जास्त लागलं.

जानेवारीत मामेबहीण हफसाच्या लग्नासाठी तो भिवंडीला आला. आईने मॅचची लिंक इथे सगळ्यांना पाठवली होती, त्यामुळे मनात धाकधूक होती. पण तीन दिवस कोणी विषयच काढला नाही. चौथ्या दिवशी फखरुद्दीन मामूंनी त्याला आपला कापडाच्या लूमचा कारखाना दाखवायला नेलं. तिथे कोन गावाहून ड्युटीला येणारे लडकूकाका, मामूंचे जुने कामगार, त्याच्याकडे बघत राहिले.

"तुमीच ना ते काठीवाले? तुमी हरलात तवा आमाला जिलेबी मिलाली होती."

मुबश्शिरला वाटलं, आपल्याला मराठी नीट कळलं नाही. "मी हरलो तेव्हा?"

"हा. आख्ख्या शिफ्टला. खोटं न्हाय सांगत, शेठना इचारा."

लूमच्या खडखडाटात पुढचं काही ऐकू येईना. मामूंनी त्याला बाहेर ओढलं.

"अफीफाने तुला सांगितलंच नाही? अरे, तू पडलास आणि तेवढ्यात मोबाईलवर चित्र अडकलं. अम्मीला, तुझ्या नानीला, वाटलं, डोक्यात काठी बसली. अफीफा फोन उचलेना, तुझ्या अब्बांचा बंद. पाऊण तास! अम्मी नमाजाच्या जानमाजवरून उठेना. मी विमानाची तिकिटं बघायला लागलो. मग अफीफाचा फोन आला. म्हणाली, भाई, हरलो आपण. मी ओरडलो, मुबश्शिर कुठाय? म्हणाली, रडतोय, बाकी ठीक आहे."

"मग?"

"मग काय! अम्मी म्हणाली, जिलेबी आण, दोन किलो. मी दहा आणली."

"मामू, तो गोल माझ्या हातून गेला."

"गोल कोण बघत होतं? आम्ही तुझं डोकं बघत होतो."

मुबश्शिर कारखान्याच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता रडला. मामूंनी चहा मागवला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचं ओझं हललं होतं.

दुपारी घरी आल्यावर तो जैनब नानीजवळ गेला. नानीने त्याच्या केसांत बोटं फिरवून टाळू चाचपली.

"पुन्हा खेळणार?"

"तू म्हणशील तर नाही खेळणार."

"मी कशाला म्हणू? भीती वाटते, ती वाटणारच. पण पडलास तर चटकन उठत जा, बाबा. उगाच लोळत पडायचं नाही."

लग्न आटोपून तो परतला आणि दुसऱ्याच आठवड्यात सरावाला गेला. आणखी तीन हंगाम खेळला. फायनल काही पुन्हा आली नाही. चौतिसाव्या वर्षी तो स्वतःहून थांबला. खांदा दुखायचा, आणि घरात आता लहान लेक होती. ही बातमी त्याने फोनवर सांगितली तेव्हा नानी म्हणाली, "बरं झालं," आणि लगेच विचारलं, "जेवलास का?"