दादाने काढून फेकलेला थर्मोस्टॅट

बाळाचे ओठ निळे पडायला लागले, तेव्हा निम्मा घाटही चढून झाला नव्हता.

"ताई, हीटर लाव ना गं!" धाकटी मागून ओरडली. आठव्या महिन्यातच झालेलं लेकरू तिने स्वेटरच्या आत, अंगाशी धरलं होतं. आमच्याकडच्या दवाखान्यात अशा लेकरांना उबेत ठेवायची काचेची पेटी नव्हती, अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. डॉक्टरीणबाईंनी एकच बजावलं होतं, डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत बाळाला गार पडू देऊ नका.

"लावलाय गं बाई, पूर्ण लावलाय!" मी स्टिअरिंगवर हात आपटला. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि हीटरमधून गार वारा येत होता. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा तळाशी लोळत पडलेला.

शेजारी दादा. आमचा थोरला, उभा जन्म गॅरेजात गेलेला. तो काट्याकडे बघायचंच टाळत होता, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"उन्हाळ्यात गाडी तापली होती, तेव्हा काय केलंस रे?"

"थर्मोस्टॅट अडकला होता. काढून फेकला."

"आणि नवा?"

"नाही बसवला. सगळेच काढतात गं. काढला की गाडी तापतच नाही."

"मग घे! नाही तापत!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढीशी ती झडप. इंजिन गार असेतोवर पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, तापलं की मगच वाट उघडते. आता अडवायला कुणीच नव्हतं. पाणी सारखं रेडिएटरमध्ये जाऊन गारठत होतं, आणि त्याच पाण्याच्या उबेवर हीटर चालतो.

"थांबव," दादा म्हणाला. उतरून त्याने अंगातला कोट काढला, बॉनेट उघडलं आणि गार वारा लागू नये म्हणून कोट रेडिएटरवर पसरून बांधला.

काटा हलला. जरा वेळाने कोमट झुळूक आली. "आली गं, ऊब आली!" म्हणत धाकटी रडायलाच लागली.

पण चढ उभा होता. काटा लाल पट्ट्याकडे सरकला. इंजिन बसलं असतं तर सगळंच संपलं असतं. दादा पुन्हा उतरला, कोट अर्धा ओढून आला. उतार लागला तसा काटा पडला. पुन्हा उतरला, कोट पुरता पसरला. फेकलेल्या झडपेचं काम आता तो नुसत्या शर्टावर, हाताने करत होता. दार उघडलं की ऊब बाहेर पळायची. "दार लाव रे दादा, मरेल ते!" धाकटी किंचाळायची. मीही त्याला तोंडाला येईल ते बोलले.

हॉस्पिटलात सिस्टरने बाळाला हात लावला आणि धावतच पेटीकडे नेलं. "फार गार पडलंय. आत्ताच काही सांगता येणार नाही."

धाकटी भिंतीला टेकून खालीच बसली. दादा काचेपाशी गेला. त्याची बोटं मिटत नव्हती.

"सिस्टर, ह्या पेटीत थर्मोस्टॅट असतो का हो?"

"असतो की. त्याशिवाय ऊब सारखी कशी राहील?"

"आत्ता आहे ना पण? कुणी काढून तर नाही ना टाकला?"

सिस्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी दादाचे गारठलेले हात ओढून घेतले आणि चोळायला लागले.

"सांगा हो त्याला," मी म्हणाले. "आहे म्हणून सांगा."