पाचवी रेघ

संयोगिता मॅडमनी नोट्सचं पुस्तक चमनच्या कीबोर्डवर आपटलं. पान एकतीस उघडंच होतं.

"मोज."

चमनने चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. एका कार्बनभोवती रेघा होत्या. डावीकडे एक, वर एक, उजवीकडे जोडीने दोन आणि खाली हायड्रोजनला जाणारी आणखी एक.

"पाच," तो म्हणाला.

"कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन चार. मग बंध किती? शेंबडं पोरगंही चार म्हणेल! आणि तू पाच ठोकून मोकळा. कालच्या चाचणीत साठ मुलांनी हेच चित्र जसंच्या तसं उतरवलंय. साठ जणांना शून्य दिलंय मी."

चमन गप्प राहिला. त्याचं हे गप्प राहणंच तिच्या डोक्यात जायचं. मंगळवार पेठेतल्या ह्या क्लासच्या पोटमाळ्यावर तो नऊ वर्षं तिच्या हस्ताक्षरातल्या नोट्स टाइप करत होता आणि एवढ्या वर्षांत त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. भांडणारा माणूस तिला परवडायचा.

जिन्यावर चपला वाजल्या. क्लासचे मालक पृथ्वीराज सर वर आले ते तापलेलेच.

"खाली पालक गोळा झाल्यात. तुमच्याच नोट्समधलं लिवलं तर शून्य कसं, म्हणत्यात. काय सांगू त्यास्नी?"

"टायपिंगची चूक म्हणून सांगा. आणि ह्याला आजच नारळ द्या."

"देतो की. तुमचा मूळ कागद तेवढा द्या, पालकांपुढं टाकतो."

कपाटातली फाइल तिने स्वतःच ओढून काढली. चमनने तिचा एकेक कागद आकड्यांप्रमाणे लावून ठेवला होता. एकतिसावा लगेच सापडला. निळ्या पेनाने काढलेला कार्बन, त्याच्याभोवती पाच रेघा. खालच्या कोपऱ्यात 'तपासले' आणि तिची सही.

तिने कागद उजेडाकडे धरला, पुन्हा मोजलं.

"तुला हे दिसलं नाही?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

"दिसलं की."

"मग बोलला का नाहीस?"

"गेल्या साली एका जागी हायड्रोजन ज्यादा झालता. म्या काढून टाकला. तवा तुम्ही म्हणाला, तू रेघा मार, केमिस्ट्री मी बघते. तवापास्नं हाय तसं छापतोय."

तिला आठवलं. चार शिक्षकांसमोर म्हणाली होती ती, आणि सगळे हसले होते. तेव्हा बरं वाटलं होतं तिला. आता त्याच्याकडे बघवेना, इतकी लाज वाटली.

"सर," तिने कागद पुढे केला, "चूक माझी आहे. ह्याची नाही."

पृथ्वीराज सरांनी कागद पाहिला. मग त्याची चार घड्यांची घडी घालून तो खिशात टाकला.

"चौकात वीस फुटी फ्लेक्स लावलाय मॅडम तुमच्या फोटोचा. तुमची चूक कशी असंल?" ते चमनकडे वळले. "चमन, आवर."

"सर, मी खाली जाऊन खरं काय ते सांगते."

"सांगा की. मग उद्या फ्लेक्स उतरवतो आणि तुमच्या जागी दुसरं कोण मिळतंय का बघतो. ॲडमिशनचे दिवस हायत, मला बी पोट हाय."

ते धाडधाड जिना उतरले. संयोगिता जिन्याच्या तोंडापर्यंत गेली आणि कठड्याला हात लावून तिथेच उभी राहिली.

मागे चमनने कॉम्प्युटर बंद केला, चष्म्याची डबी खिशात घातली, जेवणाचा डबा उचलला. तिने अंग चोरून त्याला वाट दिली. दोन पायऱ्या उतरून तो थांबला.

"मॅडम, पान आठ बी बघा एकदा. सोडियमला बारा इलेक्ट्रॉन पडल्यात. अकरा पायजेत. पोरांची परीक्षा व्हायच्या आत दुरुस्त करून घ्या."

एवढं बोलून तो गेला. खाली पृथ्वीराज सरांचा आवाज चढला होता. टायपिंगवाल्याला काढलंय, आता काळजी नको, असं ते पालकांना सांगत होते.

संयोगिताने परत येऊन पान आठ उघडलं आणि पेनाच्या टोकाने एकेक ठिपका मोजला. बारा होते.