शोभेचे अठरा डबे

फळी रिकामी दिसली की माझं डोकं फिरतं. तीस वर्षं दुकान चालवतेय, हाडीमाशी खिळलेली सवय. माल संपत आला की उरलेला पुढे ओढायचा, कडेला रांग लावायची. मागे पोकळ असलं तरी गिऱ्हाइकाला भरलेलं दिसतं. बाळांच्या दुधाच्या पावडरीचे तर कंपनीच मोकळे डबे देते, नुसते शोभेला. लढाईमुळे बंदर बंद झालं, मालाच्या गाड्या थांबल्या, तेव्हा मी ते अठरा डबे काढून अगदी डोळ्यांसमोर मांडले. आमचे हे म्हणाले, "कशाला? लोक मागतील ना." मी म्हटलं, "मागतील तेव्हा सांगू. तोवर दुकान दुकानासारखं दिसू दे." आपलंच खरं करायची खोड, दुसरं काय!

खरा डबा एकच उरला होता. तो मागच्या खोलीत, नातीसाठी. जावई आघाडीवर, म्हणून लेक बाळंतपणापासून आमच्याकडेच. चार महिन्यांची पोर आणि आईच्या अंगावर दूध नाही. तो डबा म्हणजे दहा दिवस. अकराव्या दिवसाचा विचार मी करतच नव्हते.

तशात पुरवठामंत्र्यांचा दौरा निघाला. आमच्या गल्लीत त्यांच्या भाषणांची मोठी धास्ती. साहेब "तेल मुबलक आहे" म्हणाले, संध्याकाळपर्यंत तेल गायब. "मीठ भरपूर" म्हणाले, लोक पिशव्या घेऊन धावले. समोरच्या मास्तरीणबाई, माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, म्हणायच्या, "त्यांना म्हणावं, माझ्या तब्येतीबद्दल तेवढं काही बोलू नका."

मंगळवारी साहेब कॅमेरेवाल्यांना घेऊन थेट माझ्या दुकानात शिरले. फळी बघून खूश. पावडरीच्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बघा! टंचाई कुठे आहे? भित्र्यांच्या डोक्यात! आणि जो दुकानदार माल नाही म्हणेल, तो साठेबाज. तो शत्रूचाच माणूस समजा."

नुसता हात ठेवला. उचलला असता तर कळलं असतं. मी तोंड उघडलं, तोच ह्यांनी कोपर मारलं. आणि गल्लीभर जिच्या तोंडाला कुणी लागत नाही ती मी, गप्प बसले. वर हसलेसुद्धा. जीभ झडली होती का माझी!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शटर उघडलं तर गल्ली माणसांनी गच्च. "काकू, पावडर." मी सांगितलं, संपली. "संपली कशी? काल टीव्हीवर दिसली." मी एकेक डबा उघडून उलटा करून दाखवला. "हे मोकळे आहेत, शोभेचे आहेत, देवाशपथ!" मागून कुणीतरी ओरडलं, "रात्रीतून रिकामे केले! भरलेले कुठे दडवलेत?" मग ढकलाढकली सुरू झाली. आम्ही दोघांनी कसंबसं शटर खाली ओढलं.

मागच्या दारापाशी गेले, तर तिथेही माणसं उभी. खोलीला खिडकी एकच, गजांची. आत आम्ही तिघं आणि रडणारी पोर. पोलिसांना फोन केला तर तिकडून म्हणतात, "माल असेल तर वाटून टाका ना, बाई." शटरवर दगड बसत होते. आवाजांत मास्तरीणबाईंचाही आवाज होता. "बाहेर काढा त्यांना!" म्हणत होत्या. तो मात्र माझ्या काळजाला लागला.

हे पोत्यावर बसून होते. मला म्हणाले, "दिसू दे म्हणालीस ना भरलेलं? दिसलं." मला संताप आला, पण खरंच होतं ते.

तेवढ्यात शटरच्या खालच्या फटीतून आवाज आला. पलीकडची शिंपीण होती. "काकू, पोर दोन दिवस नुसत्या पाण्यावर आहे हो. आता रडतसुद्धा नाही." तिचं बाळ आमच्या नातीपेक्षा आठ दिवसांनी लहान.

लेकीने डबा छातीशी धरला. "आई, नाही हं. अजिबात नाही."

"अर्धा," मी म्हटलं. "पाच दिवस तिचे, पाच आपले."

"आणि मग?"

"मगचं मला विचारू नकोस गं!" मी तिच्यावर खेकसले. मग तिच्या हातातून डबा अक्षरशः ओढून घेतला. ती तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मी मापाच्या चमच्याने मोजून अर्धी पावडर पिशवीत भरली. शटर वीतभर उचललं आणि पिशवी बाहेर सरकवली. शिंपिणीने माझी बोटं घट्ट धरली, क्षणभर सोडलीच नाहीत.

बाहेर सगळं शांत झालं. मला वाटलं, सुटलो.

"निघाली! पावडर निघाली!" कुणीतरी बोंब ठोकली. "आत आहे! ओळखीच्यांना देतात!"

"अहो, अर्धीच आहे! स्वतःच्या नातीची दिली त्यांनी!" शिंपीण जीव तोडून सांगत होती. तिचं कोण ऐकतंय? मी शटर खाली दाबलं, पण ते टेकेना. फटीत लोखंडी पहार घातली होती.

हे धावत आले. आम्ही दोघं शटरला पाठ लावून बसलो, पाय रोवून. समोर लेक पोरीला आणि उरलेल्या डब्याला कवटाळून कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे बघत मी सगळा भार मागे टाकला, तरी पाठीमागचं शटर बोटबोट वर चाललं होतं.